उलटी गुंडाळलेली ग्रिप

ताई,

मी ४४ वर्षांचा. शिरोलीत माझं छोटं वर्कशॉप आहे आणि आमच्या क्लबच्या हौशी टेनिस टीमचा मी तीन वर्षं कॅप्टन आहे. शहरातल्या क्लबांची आमची आमची लीग असते. एका लढतीत तीन डबल्स, दोन जिंकल्या की लढत आपली. यंदा साखळीत दुसरे आलो, येत्या रविवारी सेमी. गेल्या वर्षी इथंच सुपर टायब्रेकमध्ये ८-१० ने गेलो, ते अजून डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या डबल्सला मी आणि काका नऊ वर्षं एकत्र खेळतोय. काका ६१ चे, बँकेतून रिटायर. यंदा गुडघ्यामुळे ते नेटवर पोचत नाहीत, आमच्या शेवटच्या तीनपैकी दोन मॅच गेल्या. पुण्याहून परत आलेला २७ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याची सर्व्हिस अशी, की समोरच्याला बॉल दिसत नाही. बाद फेरीत खेळायला साखळीत दोन मॅच झालेल्या लागतात, त्याच्या बरोबर दोन झाल्यात. पण पोरगा प्रॅक्टिसला उशिरा येतो, मोठ्यांना उलटं बोलतो. ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो ‘काय पण कर, कप आण’, दुसरा म्हणतो ‘टीम काकांनी उभी केली’. बायको म्हणते, काकांना वाईट वाटेल. मला झोप नाही. परवा प्रॅक्टिसआधी काका माझी ग्रिप बदलत होते (मी डावखुरा, म्हणून ते नेहमी उलटी गुंडाळून देतात), तेवढ्या वेळातसुद्धा मी ग्रुपवर उत्तरंच देत बसलो होतो. काकांना खेळवू की त्या मुलाला? शनिवारी रात्री टीम ग्रुपवर टाकायची आहे. धाकटा भाऊ समजून सांगा.

– एक कॅप्टन, ताराबाई पार्क

भाऊ म्हणवून घेतलंस, तर एकेरीतच लिहिते.

तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं, इथं मी ते बरंच छाटलंय. त्या पोराच्या सर्व्हिसवर अर्धं पान, काकांच्या गुडघ्यावर अर्धं पान, ग्रुपवर कोण काय म्हणालं ह्यावर सव्वा पान. आणि ग्रिपवर एक ओळ, तीही कंसात. मी त्या कंसाच्या पुढं सरकलेच नाही.

माझा धाकटा शाळेत असताना टेनिस खेळायचा, त्यामुळं ग्रिप कशी चढवतात ते मी शेजारी बसून पाहिलंय. आधी जुनी, घामानं काळी पडलेली पट्टी सोलून काढायची. नव्या पट्टीची निमुळती बाजू दांड्याच्या बुडाशी अंगठ्यानं दाबून धरायची. मग रॅकेट मांडीवर फिरवत, सारखा ताण ठेवत, एकेक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत वर न्यायचं. ताण सुटला की सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीनं तळव्याला फोड येतो. वर पोचल्यावर टोक तिरकं कापायचं आणि चिकटपट्टी लावायची. उजव्या हाताचे खेळाडू एका दिशेनं गुंडाळतात आणि डावखुरे उलट दिशेनं, म्हणजे मुठीत पट्टीच्या कडा उचकटत नाहीत. तुझे काका उजव्या हातानं खेळतात, हे तूच दुसऱ्या पानावर लिहिलंयस. म्हणजे गेली नऊ वर्षं हा माणूस स्वतःच्या हाताची सवय मोडून, तुझ्या हाताच्या हिशोबानं पट्टी चढवतोय.

आणि परवा त्यांनी ती कधी चढवली? ग्रुपवर दोन तट पडल्यानंतर. काका त्या ग्रुपमध्ये आहेतच ना? मग त्यांनी सगळं वाचलंय. ‘काय पण कर, कप आण’ हेही वाचलंय. ते वाचून ते कोर्टवर आले, तुझी रॅकेट उचलली आणि तुझ्या शेजारी मान खाली घालून पाच मिनिटं बसले. ते तुला बोलायला वेळ देत होते, असं मला वाटतं. त्या पाच मिनिटांत तू त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याबद्दलच टाईप करत होतास.

इथं मला राग आला. पत्र तसंच ठेवून मी कणीक मळायला उठले.

कुणाला खेळवायचं हे तू मला विचारतोयस खरा, पण ते तू कधीच ठरवून बसलायस. बाद फेरीला दोन मॅच लागतात आणि त्या पोराच्या बरोब्बर दोन झाल्यात. त्या आपोआप झाल्या का? कॅप्टन तू आहेस. यादी तू लिहितोस. म्हणजे साखळी चालू असतानाच तू हिशोब मांडला होतास आणि त्या दोन दिवशी कुणाला तरी बाहेर बसवलं होतंस. काका असतील तर त्यांना काय सांगितलंस, ते चार पानांत कुठंच नाही. ‘आज जरा त्याला बघूया’ असंच काहीतरी म्हणाला असशील.

ठरवलंयस ते चूक नाही. त्या पोराला खेळव. डबल्समध्ये एकाचा गुडघा बोलतोय हे समोरच्या जोडीला दुसऱ्या गेमपर्यंत कळतं, आणि मग प्रत्येक आखूड बॉल त्याच्याच पुढ्यात पडतो. सेमीच्या दिवशी काकांना तसं उघड्यावर उभं करण्यात कुणाचाच मान नाही. पोराच्या उशिरा येण्याचं आणि उलट बोलण्याचं रविवारनंतर बघ, ते आत्ता ह्यात कालवू नकोस.

बायको म्हणते काकांना वाईट वाटेल. वाटेलच की! वाटू दे. मला काकांची कीव येत नाही, आणि तूही करू नकोस. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेल्या माणसानं बढत्या हुकलेल्या पाहिल्यात, बदल्या पाहिल्यात. हौशी लीगच्या सेमीला एक दिवस बाहेर बसणं त्यांना झेपेल. तुला सांगणं झेपत नाही, म्हणून तू त्यांना नाजूक करून ठेवलंयस.

माझ्या घरातलं एक सांगते. आमचे हे तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. आठ सीझन त्यांनी गोल सांभाळला. सेमीचा सामना होता, शाहू स्टेडियम खच्चून भरलेलं. दुपारी घरून निघताना ह्यांनी मोजे, बूट, ग्लोव्हज सगळं चढवूनच बाहेर पाऊल टाकलं, तशी त्यांची पद्धतच होती. ग्राउंडवर पोचले तर एक नंबरचा शर्ट दुसऱ्याच पोराच्या अंगात. ज्यांनी ठरवलं होतं ते पाठमोरे उभे राहून पाण्याच्या बाटल्या मोजत होते. कुणी काही बोललं नाही. सामना संपेपर्यंत हे ग्लोव्हज मांडीवर घेऊन बसले. संघ जिंकला. गुलाल उधळत सगळे पेठेत आले, त्यातच हेही आले. घरी येऊन त्यांनी मोजे काढले आणि मोरीत बसून धुतले. मळलेच नव्हते रे ते. बूटसुद्धा कोरडे होते. तरी साबण लावून धुतले आणि दोरीवर वाळत घातले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसावेत म्हणून.

मी दारात उभी राहून बघत होते. काय बोलावं ते मला सुचलं नाही.

त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. ‘मला बसवलं’ असं ते आजही म्हणत नाहीत. तो दुसरा पोरगा चपळ होता, हे ते स्वतःच सांगतात. ‘मला कुणी सांगितलं नाही’ एवढंच म्हणतात. त्यानंतर ते संघाकडून एकदाही उतरले नाहीत.

तुझ्या खेळातलंच हवं असेल तर २०१७ चा एप्रिल आठव. बेंगळुरूला डेव्हिस कपची लढत होती, उझबेकिस्तानशी. कॅप्टन होते महेश भूपती. लिएंडर पेस मेक्सिकोहून तिथं पोचले होते, आणि डबल्ससाठी निवड झाली रोहन बोपण्णाची. ह्याच पेस-भूपती जोडीनं १९९९ साली चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठल्या होत्या, फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकलं होतं. निवड बरोबर की चूक हे मी इथं बसून सांगणार नाही. भारतानं ती लढत जिंकली. पण त्यानंतर वाद रंगला तो कुणी कुणाला काय कळवलं होतं ह्याचा. दोघांमधलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं फेसबुकवर आलं आणि अख्ख्या देशानं वाचलं. लढतीचा स्कोअर आज किती जणांना सांगता येईल? ते मेसेज मात्र लोकांच्या लक्षात राहिले.

तू शनिवारी रात्री नेमकं तेच करायला निघालायस. यादी ग्रुपवर टाकायची, फोन सायलेंट करायचा आणि रविवारी कोर्टवर बाटल्या मोजायच्या.

तू लिहिलंयस की तू उजव्या कोर्टात उभा राहतोस आणि काका डाव्या, म्हणजे दोघांचे फोरहँड मधे येतात. मग मधला प्रत्येक बॉल दोघांचाही असतो, आणि दर वेळी कुणीतरी ओरडून सांगावं लागतं, ‘माझा’ किंवा ‘तुझा’. गप्प राहिलं की बॉल दोघांच्या मधून निघून जातो. नऊ वर्षांत किती हजार वेळा ओरडला असाल तुम्ही! आत्ता बॉल मधोमध आलाय. तो तुझा आहे.

उद्या, गुरुवारी संध्याकाळी, काकांच्या घरी जा. क्लबवर गाठू नकोस, तिथं चार जण कान लावून असतात. फोनवर तर मुळीच नको. चप्पल काढून आत बस आणि पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत सांग: ‘काका, रविवारी मी त्या मुलाबरोबर खेळतोय. तुम्ही बाहेर आहात. मी ठरवलंय.’ शेवटचं वाक्य गिळू नकोस. ‘टीमचं म्हणणं पडलं’ असं म्हणालास तर उठून घरी आलास तरी चालेल, कारण मग काही सांगितल्यासारखंच होणार नाही. गुडघ्याच्या मागं लपू नकोस, ‘तुम्हाला आराम’ वगैरे भाषा नको, त्यांचा गुडघा त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ‘तुमची हरकत नसेल तर’ असंही विचारू नकोस. ते नाही म्हणणार नाहीत, आणि तुझा निर्णय त्यांच्या डोक्यावर जाऊन बसेल. आणि देवाशपथ, ‘मार्गदर्शक’ वगैरे पद तयार करून शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठरवू नकोस. नारळ द्यायचाच आहे तर तो हातात दे, ग्रुपवर फोडू नकोस.

कोर्टची बाजू बदलताना तुम्हाला नव्वद सेकंद मिळतात ना, त्यापेक्षा कमी वेळ लागेल ह्याला.

त्यानंतर तू बोलायचं थांब. ते गप्प बसतील किंवा चिडतील. गेल्या वर्षीच्या टायब्रेकचं काढतील, तेव्हा डबल फॉल्ट कुणी केला तेही काढतील. ऐकून घे. उत्तर देऊ नकोस. काकू चहा आणतील, तो पी. उठायच्या आधी ग्रिपबद्दल बोल. परवा त्यांनी रॅकेट परत हातात दिली तेव्हा तू वर बघितलं होतंस की नाही, हे तुला आठवत नसणार. त्यांना आठवत असेल.

यादी मग शुक्रवारी सकाळीच ग्रुपवर टाक, शनिवारची वाट बघू नकोस. आणि उद्या जाताना फोन गाडीच्या डिकीत ठेवून जा.

– ताई