रोल-प्लेइंग गेम, म्हणजे ज्यात तुम्ही एखादं पात्र होऊन निर्णय घेता ते व्हिडिओ गेम, इतके लोकप्रिय का? त्यातलं राजकारण नुसतं सजावटीपुरतं असतं का?

माझ्या मते लोकप्रियतेचं मुख्य कारण हे की तुम्ही काय केलंत याचा गेम हिशोब ठेवतो. राजकारणही त्या हिशोबातच खरं होतं, पात्रांच्या भाषणांत नाही. सगळ्यात भक्कम उदाहरण ऑब्सिडियनचा 'फॉलआउट: न्यू वेगास' (2010).

काळ 2281, अणुयुद्धानंतरचं मोहावी वाळवंट. भांडण हूवर धरणाचं, म्हणजे पाण्याचं आणि विजेचं. एनसीआर, म्हणजे न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक, हे प्रजासत्ताक, पण कर लादत पसरणारं. सीझर नावाच्या हुकूमशहाचं सैन्य, लीजन, गुलामगिरीवर उभं, तरी त्याच्या मुलखात व्यापाऱ्यांचे तांडे निर्धास्त फिरतात. वेगासचा मालक मिस्टर हाऊस, त्याला शहर एकट्याच्या मुठीत हवंय. चौथी वाट म्हणजे तिघांनाही बाजूला सारून वेगास स्वतंत्र करणं.

'हेलिओस वन' हे सौरऊर्जा केंद्र तर चुकवूच नका. केंद्र सुरू करताना प्रश्न येतो, वीज कुणाला? एनसीआरचा मॅकॅरन तळ आणि कॅसिनोंची झगमगती स्ट्रिप, फ्रीमाँट-वेस्टसाइडच्या गरीब वस्त्या, की सगळ्यांना थोडी थोडी? वीज वाटण्याऐवजी तिथलं जुनं शस्त्रही जागं करता येतं. त्याआधी वेगळी सेव्ह (खेळाची त्या क्षणाची नोंद) ठेवा, निर्णय मागे घेता येत नाही.

नवे खेळाडू अडकतात ते प्रतिष्ठेच्या गणितात. प्रत्येक गटाकडे तुमचं नाव आणि बदनामी अशी दोन वेगळी खाती असतात. चांगल्या कामाने जुना गुन्हा पुसला जात नाही. स्ट्रिपवर कथा पुढे सरकली की एनसीआर आणि लीजनचे दूत येऊन जुने गुन्हे माफ करतात, पण एकदाच. म्हणून प्रयोग करायचे ते त्याआधी. दुसरी चूक चिलखताची: एनसीआरचं चिलखत अंगावर राहिलं तर लीजनचे लोक दिसताक्षणी हल्ला करतात.

पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानाची आवृत्ती घेतलीत तर मेमरीची मर्यादा वाढवणारा '4 जीबी पॅच' आधी लावा. गेम 32 बिटचा आहे, 2 जीबीच्या वर मेमरी वापरत नाही आणि मग मधेच बंद पडतो. एका बटणाच्या क्विकसेव्हवर विसंबू नका, हाताने सेव्ह करा.

बंदुका नकोत, वादविवादच हवा असेल तर 'डिस्को एलिझियम' (2019) घ्या. त्याच्या 2021 च्या 'फायनल कट' या वाढीव आवृत्तीत चार विचारसरणींच्या चार वेगळ्या क्वेस्ट (कामगिऱ्या) आहेत आणि एका खेळात त्यातली एकच पुरी करता येते.