एक्सेलमध्ये विंगप्रमाणे मेन्टेनन्सची बेरीज कशी काढायची?

म्हणजे ए कॉलममध्ये विंग, बी मध्ये फ्लॅट नंबर, सी मध्ये जमा रक्कम, आणि प्रत्येक विंगचा टोटल वेगळा हवाय, बरोबर ना? मग फिल्टर लावून लावून कॅल्क्युलेटरवर बेरीज करत बसू नका, समइफ वापरा, म्हणजे अट जुळेल तेवढ्याच रकमांची बेरीज करणारं एक्सेलचं फंक्शन. बाजूला ई कॉलममध्ये विंगची नावं एकेकदाच लिहा आणि एफ2 मध्ये टाका:

=समइफ(ए:ए, ई2, सी:सी)

(फॉर्म्युला इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा, हे सांगायला नको.) आधी कुठे शोधायचं, मग काय शोधायचं, मग कशाची बेरीज करायची. खाली ड्रॅग केलं की झालं. पण पूर्ण कॉलमऐवजी ए2:ए80 असं दिलं असेल तर रेंजवर कर्सर ठेवून कीबोर्डवरचं एफ4 बटण दाबून डॉलरचं चिन्ह लावून घ्या, नाहीतर ड्रॅग करताना रेंज पण खाली सरकते आणि वरच्या रो गुपचूप सुटतात, एरर वगैरे काही येत नाही.

विंग आणि महिना दोन्ही अटी हव्या असतील तर समइफ्स, फक्त त्यात उलटं आहे, बेरजेचा कॉलम सगळ्यात आधी येतो. का असं केलंय कोण जाणे.

टोटल कमी येत असेल तर नव्वद टक्के वेळा घोळ डेटात असतो, विंगच्या नावात 'बी' च्या पुढे एक स्पेस पडलेली असते (ती काढायला ट्रिम फंक्शन वापरा) नाहीतर रक्कम टेक्स्ट म्हणून बसलेली असते, सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतोय का बघा, असे आकडे समइफ सरळ सोडून देतं. आणि हो, मधेमधे 'एकूण' च्या रो घातल्या असतील तर त्या आधी उडवा.