काकांचं भाषण आणि पोरांचे रील

प्रश्न: ताई, मी सोलापूरची, विडी घरकुलात राहते, वय 23. आजी विड्या वळायची, युनियनच्या मोर्चालाही जायची. आम्ही काही पोरंपोरी वॉर्डात मतदार नोंदणी, माहिती अधिकार असलं काम करतो. जुन्या कार्यकर्त्यांना बोलावलं की आणीबाणीपासून जे सुरू होतात ते तासभर थांबतच नाहीत की ओ! वर म्हणतात तुम्ही नुसते रील टाकणारे. आता पोरं बैठकीला यायचीच बंद झालीत. दोन्ही पिढ्यांना एकत्र कसं आणायचं?

उत्तर: एकत्र आणायचा कार्यक्रम तेवढा घेऊ नकोस बाई. 'पिढ्यांचा संवाद' असं बॅनर लागलं की हार आले, माईक आला, आणि माईक काकांच्या हातात गेला की पोरांनी मोबाईल काढलाच म्हणून समज. त्यापेक्षा असं एखादं काम काढा ज्यात दोघांचंही एकमेकांवाचून अडेल.

उदाहरणार्थ तुमच्या गल्लीतला रस्ता. त्याचं अंदाजपत्रक आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. महाराष्ट्राच्या नियमात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत लागतो, आणि काका लिहिणार चार पानं, त्यात मागच्या तीन नगरसेवकांचा इतिहास, तो कापायचं काम तुमचं. पण ऑफिसात गेल्यावर दोन प्रती न्यायच्या, आवक-जावकच्या टेबलावर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्यायची, आणि साहेब जेवायला गेलेत, उद्या या म्हटलं तरी पोच मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही, हे त्यांच्याकडूनच शिकावं लागतं. तुमच्यातले बरेच जण फॉर्म सबमिट झाला की काम झालं समजतात, खरं काम तर तिथून पुढे असतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, ह्या तारखा मोबाईलमध्ये लावणं तुमच्याकडे आणि सुनावणीला अधिकाऱ्यासमोर आवाज न चढवता बोलणं त्यांच्याकडे. प्रत मिळाली की दोघांनी मिळून टेप घेऊन रस्ता मोजायला जायचं, बघा मग काकांचं भाषण किती आटतं ते.

आणीबाणीचं मात्र ऐका. भाषण म्हणून नाही, नेमके प्रश्न विचारा. नोटीस आली तेव्हा काय केलंत, जामीन कोण राहिलं, घरी काय सांगितलंत. आज जमावबंदीचा आदेश निघाला की तुमच्या ग्रुपवर जी घाबरगुंडी उडते ना, तिथे हे कामाला येतं. रेकॉर्ड करून ठेवलंत तर उत्तमच.

आणि काकांनाही माझा निरोप सांग. 1930 च्या मे महिन्यात ज्या सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच सोलापूरच्या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. त्यातले कुर्बान हुसेन ऐन विशीतले, पेपर चालवायचे. दरवर्षी पुतळ्यांना हार घालतो, मग त्याच वयाच्या पोरांना बैठकीत फक्त खुर्च्या लावायला का ठेवतो?

बैठकीची वेळ बदला. सकाळी 11 ला रिटायर माणसंच येतात, कामावर जाणाऱ्यांसाठी रात्री आठ बरं, आणि पाणी यायचा दिवस टाळा नाहीतर एकही बाई येणार नाही, हे काय सोलापूरकरांना सांगायला हवं! तुमच्या भागात तेलुगू बोलणाऱ्या आज्या कितीतरी असतील, तासभर मराठी ऐकून त्या माना डोलावतात आणि घरी जातात, एखादी बैठक तेलुगूत घ्या की, मराठीत सांगायचं काम नातवंडं करतील. त्याच बैठकीत 17 पूर्ण झालेल्या पोरांचे मतदार नोंदणीचे फॉर्म 6 पण भरून घ्या, तो आगाऊ भरता येतो.

राहिला अध्यक्षपदाचा घोळ, तू लिहिलं नाहीस पण असणारच. काकांना राहू दे अध्यक्ष. माहिती अधिकार कायद्यात माहिती नागरिक मागतो, त्यामुळे अर्जावर तसंही लेटरहेड नाही, माणसाचं नाव लागतं, तिथे तुमच्यातल्याच तिघा-चौघांनी वेगवेगळे अर्ज टाका, म्हणजे रोष एकटीवर यायचा नाही. पहिल्या वेळी टेबलापर्यंत काकांना सोबत न्या.