सतर्क मंजे का कराचा जी?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. तालुक्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात तुझी नेमणूक झाली, छान झालं. तू विचारलंस, "काका, पुराचा मेसेज तर दर पावसाळ्यात सगळ्यांना जातो, मग लोक वेळेत निघत का नाहीत?" फोनवर सांगितलं असतं तर अर्धं तू विसरली असतीस आणि अर्धं मी, म्हणून लिहितो. मी मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, त्याच्या वर कधी गेलो नाही. जे कळलं ते बहुतेक चुकूनच कळलं.

पहिली चूक माझीच ऐक. ऑगस्टातली रात्र होती. वरच्या धरणावरून निरोप आला, "विसर्ग 5,000", म्हणजे धरणातून एवढं पाणी सोडलं. मी तो जसाच्या तसा तलाठ्यांच्या ग्रुपवर टाकला, नोंदवहीत वेळ लिहिली आणि पाठ टेकली. नदीकाठच्या एका तलाठ्यानं मनाशी हिशोब केला, पाच हजार क्यूसेक म्हणजे फार नाही, झोपू दे गाव. आकडा क्यूमेकमधला होता. क्यूसेक म्हणजे सेकंदाला घनफूट, क्यूमेक म्हणजे सेकंदाला घनमीटर. एक क्यूमेक म्हणजे साधारण सव्वापस्तीस क्यूसेक, म्हणजे ते पाणी पावणेदोन लाख क्यूसेकच्या वर होतं. पहाटे खालच्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, पाणी शिरलं. माणसं वाचली ती मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यांमुळे. दावणीला बांधलेली जनावरं गेली. पुढे चौकशी लागली, साहेबांनी माझी नोंदवही पाहिली आणि म्हणाले, "तुम्ही निरोप वेळेत पाठवलेला दिसतो." मी सुटलो. त्या सुटण्याची लाज मला अजून वाटते.

तेव्हापासून माझं एक मत झालंय, तुला पटो न पटो. आपल्या कचेरीतला निरोप बहुतेक वेळा पुढच्या चौकशीसाठी लिहिलेला असतो, गोठ्यात म्हैस बांधलेल्या माणसासाठी नाही. "नदीकाठच्या गावांतील नागरिकांनी सतर्क राहावे" हे वाक्य बघ. त्यात कुठली गावं? किती वाजता? काय करायचं? काहीच नाही, पण ते पाठवलं की पाठवणारा मोकळा. एकदा भोंग्यावरून हेच वाक्य मी स्वतः वाचून दाखवलं, तेव्हा पारावर बसलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "सतर्क मंजे का कराचा जी?" मला उत्तर देता आलं नाही. तो चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता.

असं सांग: "संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी शाळेच्या पायरीला लागेल. खालच्या टोल्यातल्यांनी चारच्या आत वरच्या समाजमंदिरात यावं. जनावरांची दावी सोडा, बांधून ठेवू नका. औषधं आणि आधार कार्ड सोबत घ्या." यात क्यूमेक नाही, क्यूसेक नाही, "विसर्ग" हा शब्दसुद्धा नाही. आकडा तू तुझ्या वहीत ठेव, एककासकट. "गोसेखुर्द धरणाचे 33 दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले" हे पेपरवाल्याला पुरतं. पवनीच्या खालच्या माणसाला त्यावरून आपल्या धानाच्या बांधीचं काय होणार ते कळत नाही.

पण पायरीला पाणी लागेल हे तुला कळणार कसं? त्यासाठी पावसाळ्याआधी पायपीट करावी लागते. 2020 च्या ऑगस्टअखेरचं पाणी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर अजून आहे. प्रत्येक नदीकाठच्या गावात जा, जुन्या माणसाला धर आणि विचार, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं? शाळेच्या भिंतीवर, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर लाल रंगानं रेघ मार. मग "त्या रेघेच्या एक हात खाली" एवढं म्हटलं तरी गाव समजतं. नाल्यांचंही विचार. वैनगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत शिरत नाही, उलटं फिरतं आणि नदीपासून लांब असलेल्या, कोणाच्याच यादीत नसलेल्या वस्तीला गाठतं.

दुसरी अडचण आभाळाची. आपली नदी उगम पावते मध्य प्रदेशात, शिवनी जिल्ह्यात. तिकडे संजय सरोवर भरतं, बालाघाटकडे पाऊस कोसळतो, बाघ आणि बावनथडी येऊन मिळतात, पेंचचं पाणी घेऊन कन्हान येते, आणि आपल्याकडे मात्र ऊन पडलेलं असतं. कोरड्या आभाळाखाली "पूर येतोय" म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून पूर सांगताना पाणी कुठून निघालं तेही सांग. "काल रात्री वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, ते पाणी वाटेत आहे." लोकांना नदी कळते, तिची वाट कळते. तू फक्त ती वाट त्यांच्यापुढे ठेव.

आता खात्यांचं. 2005 च्या कायद्यानं जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, गाव हलवायचा किंवा रस्ता बंद करायचा अधिकारही त्या प्राधिकरणाला आहे. कागदावर सगळं स्पष्ट आहे. गोंधळ होतो तो खाली, तालुक्यात. पाटबंधारेवाले म्हणतात चार वाजता, ठाणेदार म्हणतात संध्याकाळी, ग्रामसेवक म्हणतो उद्या सकाळी. तीन वेळा कानावर आल्या की माणूस सगळ्यांत उशिराची धरतो, कारण तीच सोयीची असते. म्हणून तुझ्या टेबलावरून एकच वेळ बाहेर जाऊ दे. बाकी सगळ्यांना ती आधी सांग, गावाला नंतर. ही पाच मिनिटं वाया जात नाहीत. आणि ग्रुप कमी कर. माझ्या शेवटच्या वर्षी माझ्या फोनवर आपत्तीचे सात ग्रुप होते. पुराचा निरोप "शुभ सकाळ"च्या फुलांखाली गाडला जायचा.

महावितरणला विसरू नकोस. पाणी चढलं की धोका नको म्हणून वीज बंद होते, मग काही तासांत मोबाइलचा टॉवर मरतो, आणि तुझी सगळी यंत्रणा त्याच टॉवरवर उभी असते. 2023 मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतं ना? ती टॉवरवरून इशारा पाठवायच्या सोयीची चाचणी होती. चांगली सोय आहे, आपल्याकडे नंबर नसला तरी टॉवरखालच्या फोनांवर निरोप जातो. पण टॉवर जिवंत हवा. वीज कधी तोडणार ते अभियंत्याला आधी विचार आणि त्याच्या दोन तास अगोदर गावात निरोप पोचव. त्यानंतर पोलिसांचा वायरलेस, पोलीस पाटील, कोतवाल, गणपती मंडळाचा भोंगा आणि दवंडी. दवंडीला हसू नकोस. ती चार्ज करावी लागत नाही.

पाठवण्यापेक्षा परतीचा फोन मोठा. माझ्या चुकीनंतर मी एक नियम केला, पोलीस पाटलानं निरोप माझ्या शब्दांत नाही, स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा. "हो साहेब, मिळाला" हे उत्तर मी धरतच नसे. "किती वाजता, कोणी, कुठं?" असं विचारायचो. अर्ध्या वेळा तिथेच चूक सापडायची. आणि प्रत्येक गावात ज्यांना उचलून न्यावं लागेल अशांची नावं आशाताईकडून घेऊन ठेव. बाळंतीण कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, एकटं कोण राहतं, हे तिच्याइतकं तलाठ्याला माहीत नसतं.

काही वर्षं मी गडचिरोलीतल्या भामरागडकडे होतो. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की तिकडचा संपर्क तुटायचा. तिथे कळलं की शुद्ध मराठीतला निरोप माडिया ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या बाईला हवामान खात्याच्या इंग्रजीइतकाच परका असतो. आश्रमशाळेतल्या एका शिक्षकानं आमचे निरोप माडियात सांगायला सुरुवात केली, तेव्हा कुठे लोक उठून यायला लागले. तुझ्या तालुक्यात झाडीबोली आहे, तेवढी तुला येते. लाजू नकोस.

अफवा येणारच. "धरण फुटलं" ही तर ठरलेली. खोटा इशारा पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, पण रात्री दोन वाजता कायदा सांगून गाव शांत होत नाही. गाव शांत होतं ते तू ठरल्या वेळी बोललीस तर. माहिती नसेल तेव्हा "पुढची बातमी चार वाजता" असं सांग, आणि चारला काही नवं नसलं तरी "काही नवं नाही" एवढं सांगायला फोन कर. गप्प बसलीस की तुझी जागा दुसरा कोणीतरी घेतो.

आभाळातून पडणाऱ्या विजेचं एवढंच, की जूनमध्ये धानाचे परे (रोपं) टाकताना आणि रोवणीला बाया बांधीत असतात, फोन बांधावर पिशवीत. वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप त्यांना दिसत नाही. बांधावर बसलेल्या एखाद्या पोट्ट्याला ते काम दे.

जिल्ह्याचा आपत्तीचा 1077 नंबर तू एकदा स्वतः रात्री लावून बघ, कोण उचलतं आणि किती वेळानं. मग मला कळव. दुपारी दोननंतर फोन कर, त्याआधी मी बांधीत असतो. आणि खालच्या टोल्यावरच्या लाल रेघांचे फोटो पाठव, तो म्हातारा अजून पारावर बसतो का तेही विचारून ये.

तुझा,
काका