एलएलबीनंतर पीएफ-पेन्शनच्या कामात करिअर होतं का?

तुम्ही विचारलंय की पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन एवढ्यावर वकिलाची प्रॅक्टिस उभी राहते का, की हे नुसतं फॉर्म भरायचं काम आहे. आणि आधी एलएलएम करावं का.

उभी राहते. मी चौदा वर्षं हेच करतोय. पहिली दोन-तीन वर्षं मात्र खरंच फॉर्म भरण्यात जातात, आणि ती टाळू नका.

माझ्याकडे एक वॉचमन काका आले होते, वय ५८. हातात भरलेला टेन-सी, म्हणजे पेन्शनचा नाद सोडून रक्कम एकदाच उचलायचा फॉर्म. कुणीतरी सांगितलं होतं, "दहा वर्षं भरत नाहीत, पेन्शन बसत नाही." पासबुकात साडेसहा वर्षं दिसत होती. बोलता बोलता काका म्हणाले, त्याआधी एका कारखान्यात होतो. घरच्या ट्रंकेतून तिथली पीएफची जुनी पावती निघाली. आडनावातल्या एका अक्षरासाठी पाच महिने हेलपाटे घातले, तेव्हा कुठे ती ३ वर्षं १ महिना ट्रान्सफर झाली. एकूण ९ वर्षं ७ महिने. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, वरचे महिने सहा किंवा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात. झाली दहा! पेन्शनचं सूत्र लावलं, सरासरी पगार १५,००० गुणिले १०, भागिले ७०: महिना २,१४३ रुपये, हयातभर. कायदा यात अर्ध्या ओळीचा होता, बाकी सगळी ट्रंक.

अशा कामात पैसा नाही, हेही सांगतो. काकांकडून मी चहा घेतला. पैसा कंपन्यांच्या कामात आहे. बेसिक कमी आणि भत्ते भरमसाट दाखवून पीएफ वाचवायची जुनी युक्ती. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते बेसिकमध्येच धरले. मग सेव्हन-ए च्या, म्हणजे पीएफ कायद्याखाली बाकी ठरवायच्या चौकशा, थकबाकी, दंड, वर १२ टक्के व्याज. नोव्हेंबर २०२२ च्या वाढीव पेन्शनच्या निकालानंतर तर जॉइंट ऑप्शनच्या (कामगार आणि मालकाने मिळून वाढीव पेन्शनसाठी करायच्या अर्जाच्या) फायलींनी माझं टेबल दिसेनासं झालं होतं.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता, म्हणजे नवे एकत्रित कामगार कायदे, लागू झाल्यात. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनात मोजायचा. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी, जिथे पूर्वी पाच वर्षं लागायची. त्यामुळे पगाराचे तक्ते नव्याने मांडणं चालू आहे आणि ग्रॅच्युइटीचा बोजा काढायला ॲक्चुअरीसोबत, म्हणजे पुढच्या देण्यांचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञासोबत, बसावं लागतं. वकिलाला एक्सेल येत नसेल तर त्या मीटिंगमध्ये तो फक्त बिस्किटं खातो.

एलएलएम आत्ता नको. एखाद्या जुन्या कन्सल्टंटबरोबर सहा महिने सुनावण्यांना जा, मस्टर आणि सॅलरी रजिस्टर ताडून बघा. त्यात मन रमलं तर या. जांभया आल्या तर क्रिमिनल साइड बरी.