धीर देणारेच थकवतात तेव्हा

मी समुपदेशक आहे. दीर्घ आजाराचे रुग्ण एक तक्रार माझ्याकडे नेहमी आवाज खाली आणून करतात : "लोक इतका धीर देतात, आणि मला त्याचा राग येतो. मी कृतघ्न झालेय का?" नातेवाइकांची तक्रार उलटी : "काय बोलावं तेच कळत नाही. काही म्हटलं तरी यांचा चेहरा पडतो." माझ्या मते दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

बाईंचं उदाहरण घेते. ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत. पन्नाशीच्या मुख्याध्यापिका, घरीदारी सगळे त्यांना बाईच म्हणत. मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, दर वेळी चार तास. बऱ्याच भेटींनंतर मुद्दा अखेर असा बाहेर आला :

"काल डायलिसिसनंतर किती जणांशी बोललात?"

"सात-आठ फोन झाले. सगळे मायेनंच करतात हो."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मस्त आहे, काही त्रास नाही, काळजी करू नका."

"खरं काय चाललं होतं?"

"पोटऱ्यांत गोळे येत होते. बीपी उतरलेलं."

"मग काल धीर कोणी कोणाला दिला?"

बाई बराच वेळ गप्प. अशा वेळी आपणही गप्प बसणं हे या व्यवसायातलं अर्धं कौशल्य आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे चार तास मशीनला आणि पुढचे दोन तास लोकांना."

राग मायेचा नव्हताच. प्रत्येक मायेची पोचपावती हसऱ्या आवाजात देण्याचा होता. त्याखाली आणखी एक अट दडलेली होती. "मी खचलेली दिसताच कामा नये," बाई म्हणाल्या. हा नियम कोणी केला, असं विचारल्यावर उत्तर आलं, "वर्गावर बाई रडत नाहीत." "आणि डायलिसिसच्या खाटेवर?" त्या हसल्या. प्रसंगापेक्षा त्याभोवती आपण घातलेल्या अटी जास्त छळतात, ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मांडणी मला अशा वेळी पुन्हा पुन्हा पटते. खंबीर राहायला आवडेल, हे ठीक. राहिलंच पाहिजे म्हटलं की खचलेला दिवस हा गुन्हा होतो.

म्हणूनच "पॉझिटिव्ह राहा" हे वाक्य मी बाद करते. रक्तात पोटॅशियम वाढलं, तर तेही आपल्याच मनाच्या कमकुवतपणानं वाढलं, असं रुग्णाला वाटू लागतं. "काही लागलं तर सांग" हे वाक्य सभ्य आहे, पण सगळं काम रुग्णावरच टाकतं : काय लागेल ते त्यानंच ठरवायचं, कोणाला मागावं ते जोखायचं, वर संकोच गिळायचा. त्याऐवजी असं म्हणा : "बुधवारी साडेतीनला मी रिक्षा घेऊन गेटपाशी थांबते. उत्तर पाठवू नका, नको असेल तरच कळवा." काम ठरलेलं, वेळ ठरलेली, आणि उत्तराचं ओझं नाही.

त्यासाठी आजाराचं वेळापत्रक माहीत हवं. डायलिसिसच्या संध्याकाळी अनेकांना गळून जायला होतं, तेव्हा फोन नको. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माणूस बोलता असतो. शनिवार-रविवारच्या मोठ्या खंडात अंगात पाणी आणि पोटॅशियम साचतं, नेमक्या त्याच दिवसांत लग्नं, बारशी येतात आणि "वाटीभर आमटीनं काय होतंय" असा आग्रह होतो. खरी सोबत तिथे लागते : पंगतीत शेजारी बसून आग्रह परतवून लावणारं माणूस. अनेकांना दिवसाला लघवीचं प्रमाण अधिक अर्धा लिटर एवढंच पाणी सांगितलेलं असतं. चहा, ताक, आमटी सगळं त्यात धरून. नेमकी मर्यादा डॉक्टरच ठरवतात. भेटायला जाऊन समोर सरबत पीत "तुम्हाला चालत नाही ना" म्हणणं टाळावं.

आणि शहाळं! आजाऱ्याला शहाळं न्यायचं हे आपल्या हाडीमाशी आहे. डायलिसिसच्या रुग्णाला ते पोटॅशियममुळे घातक ठरू शकतं. केळी, मोसंबीचा रस, सुका मेवा यांचीही तीच गत. 'लो सोडियम' मिठात तर बहुधा पोटॅशियमच असतं. कमरख (स्टारफ्रूट) मुळीच नको, काढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. भाजी करून द्यायची तर बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून मग अळणी फोडणीला घाला. आणि फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेनं रक्तवाहिन्या जोडलेला, हात मायेनंसुद्धा दाबू नका.

घेणाऱ्यालाही थोडी तयारी करावी लागते. बाईंनी तीन वाक्यं लिहून फोनजवळ ठेवली : "आज बोलायची ताकद नाही, उद्या अकराला फोन करा." "सल्ला नको, नुसतं ऐकशील?" "दिवस वाईट गेला." तिसरं वाक्य म्हणायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. खुशालीची जबाबदारी भाच्यावर गेली. रविवारी कुटुंबाच्या ग्रुपवर चार ओळी, बाकी उत्तरं बंद. सगळं सुरळीत झालं असं नाही. नणंद रुसली. जाऊ डबा घेऊन यायची आणि दोन तास गप्पा मारत बसायची. तेव्हा डबा दाराशी ठेवायचं ठरलं. हे रुसवे चालायचेच. रुग्णाच्या ताकदीपुढे मी त्यांना फार किंमत देत नाही.

मात्र दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, किंवा रुग्ण डायलिसिस चुकवू लागला, "हे बंदच करूया" म्हणू लागला, तर धिराच्या शब्दांवर भागवू नका. मूत्रपिंडतज्ज्ञाला आणि मनोविकारतज्ज्ञाला सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बाईंच्या शेजारच्या खाटेवर एक तरुण आला. फिस्टुला तयार होईपर्यंत मानेतल्या कॅथेटरवर (नळीवर) होता, आता हातात पहिल्यांदाच सुया टोचायच्या होत्या. बाई त्याला "घाबरू नकोस" म्हणाल्या नाहीत. "मलाही भीती वाटायची. सुई टोचताना मी एकोणतीसचा पाढा म्हणते. म्हणायचा?" दोघांनी मिळून म्हटला, एकोणतीस सत्तेला अडखळले. अनुभवी रुग्णाचा धीर असा, आपल्यापुरता आणि नेमका असेल, तर तो आम्हा समुपदेशकांच्या तासाभराला भारी पडतो. पण एक पथ्य त्यात पाळावं : शेजाऱ्याच्या क्रिएटिनिनशी (मूत्रपिंडाचं काम जोखायला रक्तात मोजतात तो टाकाऊ घटक) आपला आकडा ताडून पाहू नये. तो स्नायू, आहार, उरलेलं मूत्रपिंडाचं काम यांवरही ठरतो; त्यामुळे कमी आकड्याचा माणूस जास्त बरा असतोच असं नाही.