टेनपिन बोलिंग उजव्या हाताने खेळतो पण बॉल उजवीकडेच वळतो (बॅकअप), नवीन बॉल ड्रिल करताना काय सांगायचं?

तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच स्वतःचा रिअॅक्टिव्ह (लेनला पकडून जास्त वळणारा) बोलिंग बॉल घेताय, तुमचा रिलीज बॅकअप आहे, तर बॉलला बोटांचे होल बाकीच्यांसारखेच ड्रिल केले तर चालेल का. नाही हो, असं करू नका. मी पण उजव्या हाताने बॅकअपच टाकते आणि माझा पहिला बॉल असाच फुकट गेला. ड्रिल करणाऱ्याने माझा उजवा हात बघितला आणि नेहमीचा उजव्या हाताचा लेआउट (बॉलवर होल कुठे पाडायचे त्याची आखणी) मारून दिला, मी टाकते कशी हे त्याने विचारलं नाही आणि सांगायला हवं हे मला तरी कुठे माहीत होतं. लेनवर टाकला तर टक टक आवाज, म्हणजे बॉल होलवरून गडगडत होता, आणि वळायचा तर नावालाच.

मुळात गोष्ट अशी आहे की बॅकअपमध्ये सोडताना हात बाहेरच्या बाजूला फिरतो, अंगठा घड्याळातल्या दहाकडे जायच्या ऐवजी दोनकडे जातो, त्यामुळे बॉल डावखुऱ्याच्या बॉलसारखा फिरतो. बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं टोक, ज्याला सगळे पॅप म्हणतात, ते नेहमीच्या उजव्या बॉलरचं ग्रिपच्या, म्हणजे बोटांच्या होलच्या, उजवीकडे चार-पाच इंचांवर असतं, आपलं डावीकडे येतं. आणि लेआउटची सगळी मापं पॅपपासूनच घेतात, तो चुकीच्या बाजूला धरला की पिन (पाडायची पिन नव्हे, आतल्या गाभ्याचं टोक दाखवणारा बॉलवरचा छोटा ठिपका) भलतीकडेच जाते, असिमेट्रिक बॉल (ज्याचा आतला गाभा सगळीकडून सारखा नसतो) असेल तर मास बायस, म्हणजे त्या गाभ्याची जड बाजू, पण उलट्या बाजूला बसतो.

म्हणून ड्रिलरला एकच वाक्य सांगा, ग्रिप उजव्या हाताची, लेआउट डावखुऱ्याचा. पण हे नीट समजावून सांगा कारण काहीजण सगळंच डावखुऱ्याचं करून टाकतात, मग मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा स्पॅन (अंगठ्याच्या होलपासूनचं अंतर) उलटा होतो आणि बॉल हातात बसतच नाही. स्पॅन, पिच (होलचा तिरकेपणा), अंगठ्याचं माप सगळं तुमच्या उजव्या हातावरूनच घ्यायचं. नेहमीच्या उजव्या लेआउटमध्ये पिन बहुतेक वेळा अनामिकेच्या बाजूला दिसते, तुमची मधल्या बोटाच्या बाजूला आलेली दिसली तर घाबरू नका, तसंच पाहिजे.

पण आधी पॅप मोजून घ्या, अंदाजावर सोडू नका. आत्ता जो बॉल वापरताय त्याने दोन-चार वेळा टाका, त्यावर लेनवरच्या तेलाच्या ज्या गोल रेघा उमटतात त्यातली पहिली धरून ड्रिलर पॅप काढतो, पाच मिनिटांचं काम आहे. सिमेट्रिक बॉलमध्ये पिन पॅपपासून साधारण ३ ३/८ इंचांवर असेल तर फ्लेअर (बॉल पुढे जाताना या रेघांचं एकमेकींपासून सरकत पसरणं) सगळ्यात जास्त मिळतो, ६ ३/४ इंचांकडे नेली तर अगदी कमी. पहिल्या बॉलला मी तरी असिमेट्रिक घेऊ नका असंच म्हणेन, सिमेट्रिकमध्ये थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावून जातं.

कोणी वेट होल, म्हणजेच बॅलन्स होल (वजन जुळवायला पाडलेलं, बोट न घालायचं जास्तीचं होल), मारून बॉलचं वळणं सुधारू म्हणालं तर नको म्हणा, यूएसबीसीच्या (अमेरिकेतली बोलिंगची संघटना) नियमात १ ऑगस्ट २०२० पासून बॅलन्स होल बंद आहे. स्पेअरसाठी (पहिल्या थ्रोनंतर उरलेल्या पिना पाडायला) प्लास्टिकचा बॉल घेणार असाल तर त्यात लेआउटची एवढी काळजी करायची गरज नाही, तो फक्त हातात बसला पाहिजे.

आणि बॉल फुकट गेला असं मी वर म्हटलं खरं, पण नंतर त्याचे होल प्लग करून (बुजवून) परत ड्रिल करून घेतला आणि तोच बॉल १-२ पॉकेटमध्ये, म्हणजे समोर उभ्या पिनांपैकी १ आणि २ नंबरच्या पिनांमधल्या जागेत, असा वळून शिरायला लागला की मला खरंच वाटेना. तेव्हा नवीन बॉल मिळाला की पहिल्या पाच-सहा थ्रोनंतर तो हातात घेऊन रेघा बघा, होल सोडून जातायत ना. एखादी रेघ होलवरून जात असेल तर तसाच खेळत बसू नका, लगेच परत नेऊन दाखवा.